दोन बाल्कन्यांमधला कूड

जुन्नरच्या आमच्या इमारतीच्या भिंती उघड्या काँक्रीटच्या आहेत. पण शेजारशेजारच्या दोन बाल्कन्यांच्या मधे कूड आहे, कारवीच्या काठ्यांचा, वरून माती-शेणानं लिंपलेला. तो बांधायला आर्किटेक्ट बाईंनी घाटघरच्या बायका बोलावल्या होत्या. आमचा फ्लॅट ठरलेला, त्यामुळे आईही त्यांच्यात जाऊन बसली आणि आमच्या बाल्कनीच्या कुडात हात जाईल एवढं भोक ठेवून आली. बाईंना ती चूक वाटली.

"मग शेजारणीला कालवण कुठनं दिऊ?" आई म्हणाली. घाटघरच्या आमच्या घरात तसंच होतं.

आई जाऊन महिना झाला. फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरलं आणि येणाऱ्यांनी एकच अट घातली, भोक बुजवायचं. मी घमेल्यात माती कालवली. पहिला गोळा उचलला, तोच भोकातून बांगड्यांचा हात आत आला.

"अक्षदा, माजी वाटी ऱ्हायलीया तुज्याकडं." पलीकडच्या सोनीबाई.

आईनं घासून पालथी घातलेली ती वाटी अजून ओट्यावरच होती. रिकामी कशी द्यायची? डबे मी सकाळीच वाटून टाकले होते, चहापुरती साखर तेवढी उरली होती. तीच भरून दिली.

"साखर? मला डायबेटीस हाय, पोरी! तुजी आईबी हेच करायची. मी वरडले की भोकाला तोंड लावून हसायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"शिरा करून तिलाच घालायची. समदा खायची आन् वर म्हनायची, कमी गोड झालाय. थांब, करते."

रवा भाजल्याचा वास आला. मी भोकात हात घालून पाहिला. येण्याजाण्यानं खालची कड झिजली होती, एक काठी उघडी पडली होती. हातातला गोळा मी तिथं लिंपला आणि ओल्या बोटांनी कड गोल केली. मग हात धुऊन भाडेकरूंना फोन केला, दुसरा फ्लॅट बघा म्हणून.

"धर. गरम हाय."

"सावकाश, कड ओली आहे."

उभ्यानंच खाल्ला. भोकाशी वाकून म्हटलं, "कमी गोड झालाय."

 पलीकडून सोनीबाई म्हणाल्या, "वाटी रिकामी नगं दिऊस. पन साखर पुरे."