पाचवी नळी

“काका, अलार्मचा आवाज कमी झाला होता, असं नाही का लिहिता येणार?”

धाकट्या सिस्टर वर्कशॉपच्या दारातच उभ्या होत्या. आत यावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. टेबलावर पंप उघडा पडला होता. झाकण बाजूला होतं आणि चार स्क्रू एका बाटलीच्या बुचात ठेवलेले होते. पंप म्हणजे औषधाची सिरिंज धरून ती ठरलेल्या मापाने, अगदी हळू ढकलत राहणारं वीतभर लांबीचं यंत्र. मुलांच्या हृदयाच्या वॉर्डात असे चौदा पंप होते. ते चालते ठेवणं हे पंपवाल्यांचं सत्तावीस वर्षांचं काम होतं.

“आवाज मोजला मी,” पंपवाले म्हणाले. “जेवढा हवा तेवढा आहे.”

“पण मोजलात ते तुम्हालाच माहीत ना?”

“हो.”

“मग?”

पंपवाल्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

“माझी कच्ची नोकरी आहे अजून,” सिस्टर म्हणाल्या. “मोठ्या सिस्टरांनी लेखी मागितलंय. काय लिहू? मी सहा पावलांवर होते. टाळ्या वाजवत होते.”

“मीही तिथेच होतो.”

“तुम्हाला कोण विचारतंय, काका. तुम्ही यंत्राचे.”

त्या गेल्यावर पंपवाल्यांनी पंपाला वीज जोडली आणि आतली नोंद पुन्हा एकदा पडद्यावर आणली. पंप काही विसरत नाही. काल दुपारी चार वाजून बारा मिनिटं वीस सेकंद: लाइन अडली, अलार्म सुरू. चार पंधरा चाळीस: अलार्म बंद केला. मधली वजाबाकी त्यांनी सकाळपासून तीनदा केली होती. तीन मिनिटं वीस सेकंद.

सहा नंबरच्या खाटेवरचा चार वर्षांचा मुलगा कुशीवर वळला होता. औषधाची बारीक लाइन त्याच्या दंडाखाली दबली. ते औषध सतत जावं लागतं, थांबून चालत नाही. सिस्टर पोहोचल्या तेव्हा त्याचे ओठ निळे पडू लागले होते. लाइन मोकळी केल्यावर तो सावरला. आता तो शेजारच्या खोलीत होता आणि आपली चप्पल कुणी घेतली म्हणून भांडत होता. पण हे आज कळत होतं. काल चार वाजून पंधरा मिनिटांनी ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि त्या तीन मिनिटं वीस सेकंदांत वॉर्डात गाणं चाललं होतं. ते गाणं पंपवाल्यांचं होतं.

तसं त्यांना गाणं येत नव्हतं. लग्नात त्यांना साधी टाळीही तालात देता आली नव्हती, हे त्यांची बायको अजून पाहुण्यांना सांगे. पण कान होता. मोटर कुठे घासते, कुठल्या दात्याची झीज झाली, हे ते यंत्र न उघडता सांगत. चौदाही पंपांच्या अलार्मचा स्वर एकच आहे, हेही त्यांच्या कानाला केव्हाचं कळलेलं होतं. तीन ठोके, थांबणं, पुन्हा तीन ठोके.

मुलं त्या तीन ठोक्यांना भीत. औषध संपलं, लाइन वाकली, बॅटरी उतरली, काहीही झालं तरी तोच आवाज. मुलांना वाटे, आपल्यालाच काहीतरी झालं. एक नऊ वर्षांची मुलगी होती. कुणाची पट्टी सुटली, कुणी गोळी उशीखाली लपवली, यावर तिची नजर असे, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. ऑपरेशनची वाट पाहत ती तीन महिने तिथेच होती. इतरांना दटावणारी ही फौजदार अलार्म वाजला की श्वास धरून ठेवी. पंपवाल्यांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं. सव्वीस सेकंद.

त्यानंतरच त्यांनी सलाईनचे मोडके स्टँड कापायला घेतले. आतून पोकळ, स्टीलचे. पहिली नळी कापताना चूक झाली. अर्धी केली तर वरचा सा मिळेल, असं त्यांना वाटलं होतं. ती दोन सप्तकं वर गेली आणि कानात घुसणाऱ्या शिट्टीसारखी वाजली. मग कानस घेऊन, घासून, ऐकून, पुन्हा घासून आठ नळ्या झाल्या. त्या एका जुन्या पडद्याच्या चौकटीला दोरीने टांगल्या. जुळवण्यासाठी त्यांच्याकडे पेटी नव्हती, शिट्टी नव्हती. एक पंप होता. पाचवी नळी त्यांनी त्याच्या अलार्मला जुळवली, केसाचाही फरक राहू दिला नाही, आणि बाकीच्या सात तिच्यावरून लावल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता ते नळ्या स्पिरिटने पुसून वॉर्डात नेत. गाणं मुलांनीच रचलं होतं:

पंपोबा, पंपोबा, काय झालं?
टिंग टिंग टिंग.
पोटातलं औषध संपून गेलं,
टिंग टिंग टिंग.

पंपोबाची कडवी दर वेळी वाढत. त्याला झोप येई, शी लागे, डॉक्टरांचा राग येई. चाल पंपवाले वाजवत, पाचव्या नळीवर टिंग टिंग टिंग वाजवायचा मान फौजदारचा. आपला लाकडी दांडा ती दुसऱ्याच्या हातात देत नसे. दोन महिन्यांत अलार्मला भिणारं मूल वॉर्डात राहिलं नाही. खरा अलार्म वाजला तरी एखादं मूल खाटेवरून “काय झालं पंपोबा?” म्हणे आणि बाकीची हसत. सुई टोचताना तेच गाणं चाले. मोठे डॉक्टर एकदा दारात उभे राहून ऐकून गेले होते.

काल गाणं रंगात आलं होतं. मुलं मधेच, मन मानेल तिथे टिंग टिंग करत होती, ते नेहमीचंच. पंपवाल्यांना ठोके जास्त ऐकू आले. त्यांच्या मनात आलं, फौजदार आज फार जोरात आहे. दुसरी गोष्ट मनात आली ती त्यांनी अजून कुणाला सांगितली नव्हती. नळी किती सुरेख जुळली आहे, असं त्यांच्या मनात आलं होतं.

मग फौजदारने दांडा खाली केला आणि म्हणाली, “पंपकाका, ही मी नाही वाजवत.”

संध्याकाळी घरी बायको भाजी निवडत होती. पंपवाल्यांनी कोरा फॉर्म तिच्यापुढे टेबलावर ठेवला. यंत्राचा क्रमांक, तपासणीची तारीख, आढळलेला दोष, संभाव्य कारण.

“दोष आहे असं लिहिलं तर?” तिने विचारलं.

“पंप भंगारात. त्या पोरीची नोकरी राहते. नळ्या राहतात.”

“आणि नाही असं लिहिलं तर?”

“तर मग ऐकू का नाही आलं, हे लिहावं लागेल.”

तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “पंपाला काय हो. ना त्याला नोकरी, ना पोरंबाळं. घेईल बिचारा अंगावर.”

“घेईल की. आणि पुढच्या मंगळवारी?”

“पुढच्या मंगळवारी काय?”

“बाकीचे तेरा चांगलेच आहेत. त्यांच्यातलाच एक वाजेल. आणि आम्ही टाळ्या वाजवू.”

तिने आणखी एक शेंग मोडली. मग म्हणाली, “घरात मला कधी वाजवून दाखवल्या नाहीत त्या नळ्या.”

“तुला आवडल्या नसत्या.”

“ते मी ठरवलं असतं.” तिने परडी उचलली. “लिहा आणि जेवायला या. अक्षर नीट काढा, तुमचं तुम्हालाच लागत नाही.”

त्यांनी लिहिलं: यंत्रात दोष नाही. अलार्मचा आवाज योग्य. मी तयार केलेल्या वाद्यातील पाचव्या नळीचा स्वर अलार्मशी मुद्दाम जुळवलेला आहे. त्यामुळे ड्युटीवरील सिस्टर, मुले आणि मी स्वतः यांना खरा अलार्म गाण्याचा भाग वाटला. संभाव्य कारण या रकान्यात जागा कमी पडली, म्हणून शेवटची ओळ त्यांनी समासात आडवी लिहिली.

मोठ्या सिस्टरांनी फॉर्म उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला.

“हे असं कुणी लिहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“अक्षर लागलं ना?”

“लागलं. नळ्या बंद कराव्या लागतील.”

“हो.”

“मुलांना तुम्ही सांगणार का मी?”

“मी सांगतो.”

धाकट्या सिस्टरांना लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. पुढचे काही आठवडे त्या पंपवाल्यांशी कामापुरतंच बोलल्या. मुलांनी ऐकून घेतलं. मुलं ऐकून घेतातच. फक्त फौजदार त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली. एका हाताने स्टँड ढकलत होती, चाक करकरत होतं.

“माझ्यामुळे झालं का?”

“नाही. तू सांगितलंस म्हणून कळलं.”

“पण वाजवत मी होते.”

“जुळवली मी होती.”

तिने यावर विचार केला. “मग तुमच्यामुळे झालं.”

“हो,” पंपवाले म्हणाले. “या चाकाला तेल हवंय. उद्या घालतो.”

पाच आठवडे चौकट वर्कशॉपच्या भिंतीला टेकून राहिली, वरून चादर टाकलेली. पंपवाले वॉर्डात जात, पंप बदलत, परत येत. सुई टोचताना आता दोन माणसं लागू लागली. एका दुपारी ते पाच नंबरची बॅटरी बदलत असताना पलीकडे अलार्म वाजला. फौजदारने श्वास धरला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

सहाव्या आठवड्यात मोठ्या सिस्टर स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या. बसायला स्टूल एकच होतं, ते पंपवाल्यांनी पुढे केलं.

“वॉर्ड फार शांत झालाय,” त्या म्हणाल्या. “बाहेरच्या लोकांना बरं वाटतं. मला नाही वाटत. गप्प मुलाला काय होतंय ते कळत नाही. मोठ्या डॉक्टरांशी बोलले मी. पंपाचा स्वर तुमच्या नळ्यांत नको. बाकी काय ते करा. करता येईल?”

“येईल.”

त्यांनी पाचवी नळी सोडली. तिच्या जागी बोटभर आखूड अशी दुसरी कापली, घासली, टांगली. वाजवून पाहिली. स्वर वेगळा होता, गोड होता, चालीत बसतही होता. मग त्यांनी टेबलावरचा पंप मुद्दाम अडवला आणि तो ओरडत असताना नळ्या वाजवल्या. पंप ऐकू येत होता, पण शोधावा लागत होता. त्या जागी काहीही वाजलं की कान तेवढ्यानेच भरत होता. तासाभराने त्यांनी नवी नळीही काढली. दोरीचा फास मात्र तसाच ठेवला.

मंगळवारी चार वाजता त्यांनी मुलांना सांगितलं, “आता टिंग टिंग टिंग नाही. त्या जागी गप्प बसायचं. तीन मोजायचे आणि ऐकायचं.”

“काय ऐकायचं?” सहा नंबरने विचारलं. तो आपल्या खाटेवर परतला होता, चप्पलही सापडली होती.

“पंपोबा खरंच बोलतोय का ते.”

“आणि मी काय वाजवू?” फौजदार म्हणाली.

“तू वाजवायचं नाहीस. तू हात वर करायचास. हात वर आहे तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. मीसुद्धा.”

“धाकट्या सिस्टरसुद्धा?”

“सिस्टर तर मुळीच नाही,” धाकट्या सिस्टर औषधांच्या ट्रॉलीवरून म्हणाल्या. पाच आठवड्यांत पंपवाल्यांच्या समोर केलेली त्यांची ही पहिली थट्टा होती.

पहिले दोन दिवस गंमत झाली. कुणीतरी गप्प जागेत खुदकन हसे, मग सगळा वॉर्ड हसे आणि फौजदार सगळ्यांना पहिल्यापासून म्हणायला लावी. तिसऱ्या वेळेपर्यंत जमलं. चालीच्या मधोमध तीन ठोक्यांची रिकामी जागा येई, आणि एरवी दोन मिनिटं स्वस्थ न बसणारी आठ मुलं तोंड अर्धवट उघडं ठेवून छताकडे बघत ऐकत. नवीन आलेल्या मुलांना ते गाणं असंच आहे, असं वाटे.

तो शुक्रवार होता. झोपेचं कडवं चाललं होतं.

पंपोबा, पंपोबा, काय झालं?

फौजदारचा हात वर गेला. सगळे थांबले. त्या रिकाम्या जागेत तीन ठोके आले, स्वच्छ, एकटे. दोन नंबरच्या बाजूने.

हात वरच राहिला. दुसऱ्या हाताने तिने फक्त बोट दाखवलं. ती श्वास घेत होती; ते पंपवाल्यांना दिसलं. धाकट्या सिस्टर तोपर्यंत खाटेपाशी पोहोचल्या होत्या. औषध संपत आलं होतं, एवढंच. त्यांनी सिरिंज बदलली, बटण दाबलं, आणि मागे वळून मान हलवली. फौजदारने हात खाली केला. गाणं पुढे गेलं.

पाच वाजता मुलांचं दूध आलं. पंपवाल्यांनी दोन नंबरच्या पंपाची नोंद सवयीने पडद्यावर आणली. अलार्म सुरू, अलार्म बंद. अकरा सेकंद. हे लिहायला कुठला फॉर्म नव्हता.

ते वर्कशॉपमध्ये आले. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि नेहमीसारखी डावीकडून सुरुवात केली. पहिली नळी पुसली, दुसरी, तिसरी, चौथी. मग रिकामा फास दोन बोटांत धरून तोही पुसला, आणि सहावीकडे वळले.