हलका बन

बेकरीवाल्याला उभ्या आयुष्यात कुणी वजनकाटा वापरताना पाहिलं नव्हतं. काटा नव्हता असं नाही, पण तो पोत्यांमागे धूळ खात पडलेला. हा माणूस मळलेल्या पिठातून गोळा तोडायचा, तळहातावर एकदा झेलायचा आणि टेबलावर टाकायचा. दिवसभर तोडत बसला तरी एका गोळ्याचं वजन इकडचं तिकडं होत नसे. "काटा माझ्या हातातच बसवून पाठवलाय देवानं," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि बायको आतून ओरडायची, "हो, आणि जिभेला ब्रेक बसवायचा राहिला!"

तर या हाताच्या भरवशावर त्या बायकोचं इन्सुलिन चाललं होतं. तिचा डायबेटिस जुना. आहारतज्ज्ञ बाईंनी कधीकाळी दोघांना समोर बसवून ताट आखून दिलं होतं. अर्धं ताट भाज्या, चौथा हिस्सा डाळ, अंडं नाहीतर मासा, आणि राहिलेला चौथा हिस्सा धान्याचा. बेकरीवाला तेव्हाच म्हणाला होता, "बाई, ते धान्य काढूनच टाकू की. कटकट मिटेल."

"अहो काका, पीठ काही वैरी नाही," बाई म्हणाल्या होत्या. "अंगातली ताकद त्यातूनच येते, डोकंसुद्धा त्याच्यावरच चालतं. फक्त कोंड्यासकट खायचं आणि रोज तेवढंच खायचं. डॉक्टर इंजेक्शन ठरवणार ते त्याच हिशेबानं. पीठ कमी झालं आणि इंजेक्शन तेवढंच राहिलं, तर साखर धाडकन खाली येईल."

घरी येऊन त्यानं बायकोसाठी वेगळा बन सुरू केला. कोंड्याचं पीठ, वर चार तीळ, आकार तिच्या मुठीएवढा. नाश्त्याला एक, संध्याकाळी एक. ती इंजेक्शन घ्यायची, मग बन खायची. घरात त्या बनाला 'बाईसाहेबांचा बन' म्हणत, आणि तो दुसऱ्या कुणी उचलला तर त्याची खैर नसे. अशी वर्षं गेली हो, सुखात गेली.

मग तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेना. साखर वर सरकायला लागली. डॉक्टर इंजेक्शन थोडं वाढवून देत, ती सुस्कारा टाकून घेई. त्याच दिवसांत शेजारचा शिंपी, पोट चांगलं आत गेलेला, दुकानात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "मी ब्रेड बंद केला. विष आहे हो ते! आणि तुम्ही विष विकताय." गिऱ्हाइकं हसली. बेकरीवालाही हसला, पण ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं. आपण आयुष्यभर हिला हेच चारलं, म्हणून हिचा पाय असा झाला, असं त्याच्या मनानं घेतलं. बाईंचं जुनं बोलणं पार विसरला बिचारा. भीतीनं माणसाची मती गुंग होते, दुसरं काय!

बन बंद कर म्हणायची त्याची छाती नव्हती. तिखटामिठावाचून जेवणाऱ्या त्या बाईला दिवसाकाठी तेवढंच एक सुख होतं. मग त्यानं जे केलं ते फक्त बेकरीवालाच करू शकतो. गोळा लहान तोडायचा आणि जास्त वेळ फुगू द्यायचा. बन दिसायला तेवढाच, मुठीएवढा, वर चार तीळ. आत निम्मी हवा. बायकोला त्यानं चकार शब्दानं सांगितलं नाही.

साखर खाली आली. मशीनवरचा आकडा बघून ती लहान मुलीसारखी खूश झाली आणि हा मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिला. गुण येतोय म्हटल्यावर त्यानं गोळा आणखी लहान केला. मधूनमधून तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. "वय झालं," म्हणून ती चिमूटभर साखर तोंडात टाकायची. एका सकाळी नाश्ता करून ती न्हाणीघरात गेली आणि आतून धप्प असा आवाज आला.

बेशुद्धच होती. साखर तळाला गेलेली, खुबा मोडलेला. डॉक्टरांनी दोन्ही सावरलं. पण इंजेक्शन किती घेतलं होतं, असं विचारल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "रोजचंच घेतलं असं वाटतं... पण माझ्याच हातून जास्त ओढलं गेलं असेल. डोळे कुठं धड आहेत?"

मुलगी दुसऱ्या शहरातून दवाखान्यात धावत आली होती. ती म्हणाली, "आई, आता तुझ्या हातात सुई द्यायची नाही. तू माझ्याकडे चल. बाबा दिवसभर भट्टीवर, तुझ्याकडे बघणार कोण?"

"मी काय खुळी झालेय का गं?" आई म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. "चुकले नव्हते कधी. एवढ्या वर्षांत कधीच चुकले नव्हते."

बेकरीवाला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. बोललो नाही तर ही खुळी ठरून जाणार, बोललो तर लेक तोंड बघणार नाही, एवढं त्याला स्वच्छ दिसत होतं. त्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी सोडायच्या आदल्या दुपारी लेक आईची सुई कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"ती चुकली नाही," तो म्हणाला. "मी चुकलो. बनातलं पीठ मी कमी करत होतो. तिच्या नकळत."

सगळं सांगितलं त्यानं, शिंप्यापासून हवेपर्यंत. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा," ती म्हणाली, "आता तर मी तिला तुमच्याजवळ ठेवूच शकत नाही." आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

खोलीत दोघंच उरली. तो बायकोकडे बघेना. मग ती म्हणाली, "हलका लागत होता हो बन. हातात घेतला की कळायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमचा हात थकला. गोळ्याचा अंदाज चुकायला लागला. तेवढी एक मिजास मिरवता आयुष्यभर, ती मी कशी मोडू? इंजेक्शन कमी करायचं तर डॉक्टरांना कारण सांगावं लागलं असतं. तुमच्या हाताला नावं ठेवावी लागली असती." तिनं त्याचा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला. "आपण दोघंही मूर्ख. जोडा अगदी शोभतो बघा."

तो ढसाढसा रडला. लाज सोडून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बन घेऊन आला. लेकीनं पिशवीतून स्वयंपाकघरातला छोटा काटा बाहेर काढला, बन त्यावर ठेवला, आणि डॉक्टरांनी बनाचं वजन लिहून दिलेल्या कागदाशी आकडा ताडून बघितला. एका कणाचा फरक नव्हता. मग सुई तिनं आईच्या हातात दिली. आईनं डोळ्यांजवळ धरून औषध ओढलं, रोजचंच, बरोबर तेवढंच. मग बन तळहातावर तोलला.

"हा बरोबर आहे," ती म्हणाली. "हात थकलेला नाही तुमचा."

बन तिनं सावकाश, शेवटच्या तिळापर्यंत खाल्ला. मग तिला चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं, गाडीत बसवलं, आणि लेक तिला घेऊन गेली.

बेकरीवाला परत आला. संध्याकाळचं पीठ मळून तयार होतं. त्यानं गोळे तोडले, आणि सवयीनं एक कोंड्याचाही तोडला, तळहातावर झेलला. वजन बरोबर होतं. तो गोळा हातात धरून तो तसाच उभा राहिला, भट्टी तापून लाल होईपर्यंत.