बंबकाकांचा ढीग

सव्वीस वर्षं मी आगीचा बंब घेऊन धावलो. निवृत्त झालो आणि सेंद्रिय शेती शिकायला तीन महिने या शेतावर राहायला आलो. "आठवड्यात परत याल," बायको म्हणाली होती. "शिकेन, मगच तोंड दाखवीन," मी ठणकावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासत बाहेर आलो, तर शेडमागच्या खताच्या ढिगातून धूर! शेण, पाला, गवत यांचे थर आम्ही सात शिकाऊंनी घाम गाळून रचले होते. जित्याची खोड! ब्रश तोंडात तसाच ठेवून नळी ओढली आणि दहा मिनिटांत ढीग थंडगार केला. आता शाबासकी मिळणार, म्हणून उभाच राहिलो.

मावशी आल्या. शेत त्यांचं, शिकवायच्याही त्याच.

"बंबकाका, धूर नव्हता हो तो. वाफ होती. ढीग तापला होता."

"आगीशिवाय?"

"आतले बारीक जीव राबत होते. बुडवलंत त्यांना."

सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवणं म्हणजे काय, ते मी खरोखरच नळी धरून करून दाखवलं होतं. मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाच दिवसांत परत तापला, तर खत वेळेवर होईल," त्या म्हणाल्या, "नाहीतर या तुकडीची लावणी हुकली." नाही तापला तर बॅग भरायची, असं मी ठरवून टाकलं.

सगळा ढीग उपसला. घाण वास सुटला होता. कोरडा पाला आणला, ताजं शेण आणलं, पुन्हा थरावर थर रचले. आमच्यात एक दातांची डॉक्टर होती, ती मदतीला आली. "काका, आता इथे शिंकायचंसुद्धा नाही हं," तिने दम दिला. मधोमध लोखंडी सळई खुपसली. रोज सकाळी ती उपसून मुठीत धरायची. पहिले तीन दिवस गार. चौथ्या दिवशी किंचित कोमट, पण ती माझ्याच तळव्याची ऊब असेल.

पाचव्या दिवशी सळई धरली आणि हातातून टाकलीच. विश्वास बसेना, म्हणून कोपरापर्यंत हात आत घातला. पाच अंक मोजेपर्यंतही ठेववेना. काडी नाही, तेल नाही, ठिणगी नाही! आग घरं खाते, एवढंच मला आजवर माहीत होतं. इथे ती पालापाचोळ्यातून माती शिजवत होती. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. डोळे भरून आले, सांगायला कसली लाज?

बायकोला फोन लावला. "अगं, तापला! वाफा निघतायत नुसत्या!"

"अगंबाई! मग विझवा की!"

"नाही गं. हा विझवायचा नसतो."



"मग राहा तिथेच," ती म्हणाली. "मीच येते बघायला."