शिडीच्या शक्तीच्या गोळ्या

मित्रांनो, मी उंची मोजण्याचा एक जुना लाकडी खांब आहे. सुताराने माझ्या अंगावर आकडे कोरले, पितळेची सरकती पट्टी बसवली आणि मी डॉक्टरांच्या खोलीत दाराशेजारी उभा राहिलो. "याचा आकडा कधी चुकत नाही," असं डॉक्टर म्हणायचे, तेव्हा मी फुशारून जायचो.

एकदा एक आई तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. तिच्या उंचीमुळे शाळेत तिला सगळे 'शिडी' म्हणत. मी उंची दाखवली. हाडं अजून किती वाढतील ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तिच्या मनगटाचा एक्स-रे पाहिला आणि आईला बाहेर नेऊन काहीतरी कुजबुजले. आत येताच आई म्हणाली, "शक्तीच्या गोळ्या दिल्यात हं, बाळा." माझ्या मनात पाल चुकचुकली. शक्तीची गोष्ट कुजबुजून कशाला सांगायची?

शिडी दर महिन्याला यायची. तोंड उतरलेलं, पाय सुजलेले, सारखी मळमळ.

"शक्तीच्या गोळ्यांनी असं होतं का हो?" तिने सिस्टरना विचारलं.

"होतं कधी कधी," म्हणत त्या कपाट आवरायला लागल्या. कपाट आवरलेलंच होतं.

पाचव्या महिन्यात माझा आकडा जेमतेम हलला. डॉक्टर हसले, आईही हसली. शिडी हसली नाही.

"मी वाढले नाही म्हणून खूश आहात ना? मग खरं सांगा, गोळ्या कसल्या आहेत?"

आई म्हणाली, "एवढ्या उंच मुलीचं पुढे कसं व्हायचं, म्हणून गं..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन आहे. मुलींच्या अंगात ते असतंच. तुला खूप जास्त देतोय, म्हणजे हाडांची वाढ लवकर थांबते."

"मला काही आजार आहे?"

"नाही."

"पुढे काही त्रास होईल?"

डॉक्टर चष्म्याच्या काचा पुसू लागले. "ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही."

शिडीने बाटली टेबलावर ठेवली. "मग मी नाही घेणार." आईने बाटलीकडे हात नेला आणि मागे घेतला.

पुढच्या एक-दोन तपासण्यांत ती आणखी दोन बोटं वाढलेली दिसली, मग तिचं येणंच थांबलं. पुढे बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांनी सिस्टरना एक लेख वाचून दाखवला: अशा गोळ्या घेतलेल्या काही मुलींना मोठेपणी मूल होणं अवघड गेलं होतं. आमच्या शिडीचं काय झालं, कोण जाणे. मला आता अडगळीत टाकलंय, आणि आपला तो न चुकणारा आकडाही त्या कामात सामील होता, हा विचार मला सोडत नाही.

मित्रांनो, औषध जरूर घ्या. पण आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मला फक्त 'किती' ते सांगता येतं. 'कशासाठी' हे विचारायला तोंड लागतं, आणि ते तुम्हाला आहे.