राखेतला निखारा

समुद्रापलीकडच्या सरकारला एके दिवशी विस्तवावर कर बसवायची बुद्धी झाली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं डोकं असंच चालतं. चूल असो की भट्टी, पेटवायची तर आधी पैसे मोजा. मग गल्लीने ठरवलं, पेटवायचीच नाही. घरोघरी भिजवलेलं कडधान्य चावून जबडे दुखले, पण धूर म्हणून कुठे निघाला नाही.

लोहारणीचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिच्या भट्टीतला विस्तव सासऱ्यांच्या काळापासून कधी विझला नव्हता. काम संपलं की निखारा राखेत पुरायचा आणि सकाळी फुंकून जागवायचा. नवऱ्याने आताही एक निखारा गुपचूप जपला होता. तिने कानाडोळा केला, कारण तो विझवायला तिचाही हात धजत नव्हता.

अशातच करवसुलीच्या साहेबाच्या घोड्याचा नाल निखळला. लंगडता घोडा घेऊन स्वारी दारात हजर. भट्टी बंद आहे म्हटल्यावर साहेब एकदम मऊ झाला. तुमच्यापुरता कर कायमचा माफ, म्हणाला, फक्त आत्ता नाल घडवून द्या. हा आवळा देऊन कोहळा काढायचा डाव लोहारणीने लगेच ओळखला. एका घराचा धूर दिसला की सगळी गल्ली फुटणार होती.

नवऱ्याचा हात राखेकडे गेला. पोटात कावळे ओरडत होते, आणि विस्तव तर बापाचा. तिला त्याचा राग आला नाही, कीव आली. तिने लोखंड निववायच्या पाण्याची बादली उचलली आणि भट्टीत उपडी केली. चर्र झालं. वाफ डोळ्यांत गेली असं कुणाला म्हणायचं तर म्हणू दे, ती रडत होती.

"बाबांचा विस्तव होता गं," नवरा म्हणाला.

"बाबांचाच होता. म्हणून तर साहेबाच्या मेहेरबानीवर नाही जगवायचा."

साहेबाने तुरुंगाची धमकी दिली.

"घाला की," ती म्हणाली. "विस्तव न पेटवल्याची शिक्षा काय, तेवढं तिकडे सरकारला विचारून या."

साहेब पाय आपटत निघाला. गल्ली दारादारांत उभी राहून बघत होती. साहेब घोड्याच्या रिकिबीत पाय घालणार, एवढ्यात लोहार ओल्या राखेने माखलेल्या हातांनिशी बाहेर आला.

"साहेब, बसू नका त्याच्यावर. खूर जाईल बिचाऱ्याचा," तो म्हणाला. "चालत जा. लांब आहे तुमचं सरकार."