दिवस विसावा : कौसानी

महिपतीनं लोखंडी कपाटाचं दार उघडलं, आतल्या बाजूला चिकटवलेल्या छापील कागदावर बोट ठेवलं आणि घसा साफ करून जाहीर केलं,

“उद्या नैनीताल सोडायचं. परवा, दिवस विसावा, कौसानी. सूर्योदय आणि हिमशिखरांचं दर्शन. गरम कपडे जवळ ठेवावेत, अशी सूचना आहे.”

खोलीतले तिघे आपापल्या खाटांवर होते. ऑक्टोबरची संध्याकाळ, तरी कतारमधल्या दोह्याच्या विमानतळाजवळच्या त्या कॅम्पाचा पत्रा अजून तापलेला होता. कोल्ड स्टोअरवर कामाला असलेला धोंडीराम बनियनवर होता. त्यानं गरम कपड्यांचा विचार मनापासून केला.

“सूर्योदय आपल्याकडं किती वाजता पडतो आण्णा?”

“तिकडं सहा. म्हंजे आपले साडेतीन.”

“मग न्हाई जमत बगा. कोल्ड स्टोअरची चावी मला सकाळी नवानंतर घावती. शुक्रवारी मुदीर सायेब येत न्हाई. दहा वाजता सूर्योदय ठेवा. आतमधी उणे अठरा हाय, हिमालयाला कमी पडायचं न्हाई.”

“ठेवा दहाला,” राजाभाऊ पेपरामागून म्हणाले. ते कंपनीत टाइमकीपर होते आणि मूळचे वाईचे, त्यामुळे कॅम्पातलं शेवटचं मत त्यांचं असे. “यात्रा कंपनीचा सूर्योदय वेळेवर झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.”

चौथा इब्राहीम, रत्नागिरीकडचा, कंपनीची पिकअप चालवायचा. त्यानं लुंगीची गाठ आवळत विचारलं, “माझ्या अजमेरचा काय झाला?”

“कागदात नाही, इब्राहीम.”

“बस जयपूरला जातेय ना? तिथून अजमेर किती लांब? तुझ्या सोळा देवळांत मी मुकाट फिरलोय रे. एक दर्गा माझा नको काय?”

महिपतीनं बराच वेळ कागदाकडं पाहिलं. मग पेन्सिल घेऊन चोविसाव्या दिवसाच्या समासात ‘अजमेर’ असं लिहिलं.

सहल पुण्याच्या एका यात्रा कंपनीची होती. सव्वीस दिवस, उत्तर भारत व हिमालय दर्शन, स्वतंत्र आचारी, सोबत मराठी माहितगार. महिपतीनं दोन सीटा मार्चमध्येच राखून ठेवल्या होत्या, त्याची आणि बायकोची, केसरबाईची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली सात तो कतारमध्ये होता आणि दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस घरी. मूल नव्हतं. पंचेचाळीस दिवसांत माणसं घराला रंग देऊन घेतात, तेवढं झालं होतं. दोघांनी मिळून बघितलेल्या गोष्टी म्हणायच्या तर जेजुरी, म्हसवडची जत्रा आणि एक सर्कस. सर्कशीतला हत्ती त्या दिवशी आजारी होता.

सप्टेंबरात ऑफिसनं कळवलं की बदली माणूस न आल्यामुळं रजा पुढं ढकलण्यात येत आहे. ते पत्र टाइप करायचं राजाभाऊंकडं आलं. त्यांनी ते बिनचूक टाइप केलं आणि त्या रात्री आपल्या वाटणीचं ऑम्लेट महिपतीच्या ताटात सरकवलं. महिपतीचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होता, तो तिथंच राहिला.

मग महिपतीनं केसरबाईला लिहिलं. तू एकटी जा. शेजारच्या सीटवर पिशवी ठेव. कार्यक्रमाचा एक कागद तुझ्यापाशी, एक माझ्यापाशी. ज्या दिवशी तू जिथं, त्या दिवशी मीही तिथं. नऊ ओळींच्या या बेताला केसरबाईनं ‘बरं’ असं उत्तर पाठवलं. महिपतीनं ते ‘बरं’ पुष्कळ वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्याला ते जरा जास्त होकारार्थी वाटलं.

तीन ऑक्टोबरला, रविवारी, बस पुण्याहून सुटली. इथं कपाटाचं दार उघडलं.

पहिले दोन दिवस खोलीनं चेष्टा केली. तिसऱ्या दिवशी महिपती म्हणाला, आता धुळं मागं पडलं, मुक्काम इंदूर. तेव्हा धोंडीरामनं इंदूरला खायला काय मिळतं ते विचारलं. उज्जैनला राजाभाऊंनी कालगणनेवर चार शब्द सांगितले, ते कुणाला कळले नाहीत, पण सहलीत तसं चालतं. प्रयागच्या दिवशी इब्राहीमनं तीन आठवडे साठवलेले कपडे धुतले. आठवडाभरात शेजारच्या खोलीतले केरळी लोकही दारातून डोकावून “किधर पहुँचा?” विचारू लागले.

महिपतीचा धंदा एसी दुरुस्तीचा. दिवसभर दुसऱ्यांना गार करायचं आणि आपण गच्चीवर उन्हात उभं राहायचं. काशीच्या दिवशी तो अल सद्दला एका व्हिलाच्या गच्चीवर होता. तिथली गंगेची आरती सातला, म्हणजे इथले साडेचार. साडेचारला त्यानं पाना खाली ठेवला, पूर्वेकडं तोंड केलं आणि पाच मिनिटं हात जोडून उभा राहिला. घरमालकाला वाटलं, याला ऊन लागलं. त्यानं गडी पाठवून थंड पाणी दिलं. महिपतीनं ते उजव्या तळहातावर घेऊन प्यायलं, उरलेलं डोळ्यांना लावलं आणि कॉम्प्रेसर पुन्हा उघडला.

संध्याकाळी तो खोलीला म्हणाला, “घाट लई उंच हायेत. तिला गुडघ्याचा त्रास. पण चढली.”

“कुणी सांगितलं?” राजाभाऊ.

“चढली असंल,” महिपती म्हणाला.

गुरुवारी दुपारी इब्राहीमनं ऑफिसची टपाल पेटी रिकामी करून आणली. एक निळं आंतरदेशीय पत्र त्यानं वेगळं काढून ठेवलं होतं. आंतरदेशीय परदेशात चालत नाही, म्हणून वर जादा तिकिटं चिकटवलेली होती आणि तरीही ते आलं होतं. ड्रायव्हरला पत्ते वाचायची सवय असते. इब्राहीमनं पाठवणाऱ्याचा पत्ता आणि गावच्या पोस्टाचा शिक्का, दोन्ही बघितले होते. पत्र त्यानं महिपतीच्या हातात दिलं आणि उगाचच गाडीची काच पुसायला गेला.

महिपतीनं ते न्हाणीघराच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभं राहून वाचलं. नऊ ऑक्टोबरची तारीख होती.

‘सौ. केसरचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की मी घरी आले आहे. रागावू नये. बसमधी सगळी जोडपी होती. आपली शेजारची सीट मोकळी. मागच्या बाईनं इचारलं, मालक कुठायत? माझ्या तोंडातून गेलं, मागनं येत्यात, नाशिकला भेटतील. नाशिकला सगळ्यांनी इचारलं. मी म्हटलं, वणीला. वणीच्या गडावर जोडीनं ओटी भरायची होती. मी म्हटलं, धुळ्याला नक्की. धुळ्याला चहा झाला, सगळी बसमधी बसली. पुढच्या सीटवर एक म्हातारे मास्तर होते. ते ड्रायव्हरला म्हटले, यजमान आल्याशिवाय गाडी हलवायची न्हाई. अर्धा घंटा बस थांबली. चाळीस माणसं खिडकीतनं रस्त्याकडं बघत व्हती. रस्त्यानं एखादा मानूस पिशवी घेऊन आला की समदी माझ्याकडं बघायची, हे का? मी मान हलवायची. तुमच्यामुळं लोकांचा लई खोळंबा झाला. मला खोटं झेपंना. मग मी उतरले आणि यष्टीनं आले. बस गेली. बाकी इकडचे सर्व ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. आपन जिवाला जपावे.’

त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालताना थांबला आणि बोटांवर काहीतरी मोजलं. पाच तारीख. मंगळवार. त्या संध्याकाळी त्यानं खोलीत सांगितलं होतं, धुळं मागं पडलं.

तिथून पुढं सोळा दिवस. महाकाळ, ओंकारेश्वर, चित्रकूट, संगम, काशीचे घाट, अयोध्या, नैनीतालचं तळं. ती घरी म्हशीचं बघत होती आणि तो तीन माणसांना घेऊन अख्खा उत्तर हिंदुस्थान पालथा घालत होता. गुडघे दुखत असतानाही तिला त्यानं घाट चढवले होते.

“काय म्हंती वैनी?” खोलीत शिरताच धोंडीरामनं विचारलं. तो कुठल्याशा केरळी माणसाची लोकरीची टोपी डोक्याला बसते का ते बघत होता. “थंडी हाय म्हंती का?”

सांगून टाकायला ही वेळ ठीक होती. महिपतीनं तोंडही उघडलं. राजाभाऊंनी पेपर खाली केला होता. इब्राहीम दाराशी उभा राहून आपल्या पायांकडं बघत होता.

“पत्र जुनं आहे,” महिपती म्हणाला. “सुरुवातीचं.”

“टपाल म्हणजे असंच,” इब्राहीम पटकन म्हणाला. “चल यल्ला, चहा टाकतो मी.”

त्या संध्याकाळी कपाटाचं दार उघडलं गेलं नाही. पण दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सगळ्यांना पाठ होता.

शुक्रवारी सकाळी पिकअपमध्ये पुढं इब्राहीमच्या शेजारी राजाभाऊ, मागच्या हौद्यात महिपती आणि धोंडीराम, असे ते साल्वा रोडनं निघाले. मागच्या दोघांच्या मांडीवर घडी घातलेली ब्लँकेटं होती. सिग्नलला शेजारच्या गाडीतला एक अरब म्हातारा त्या ब्लँकेटांकडं बराच वेळ बघत राहिला. बाहेर छत्तीस डिग्री होते.

कोल्ड स्टोअरचं दार हातभर जाड होतं. धोंडीरामनं ते खांदा लावून उघडलं, आतून पांढरी वाफ पायांवर आली, आणि राजाभाऊंच्या तोंडून, वाईचे असूनही, “अरे बापरे” निघालं. चौघं ब्लँकेटं पांघरून आत गेले. दोन्ही बाजूंना ऑस्ट्रेलियातून आलेल्या मेंढ्या आकड्यांना ओळीनं टांगलेल्या होत्या. पलीकडं फ्रेंच कोंबड्यांची खोकी छतापर्यंत रचलेली. आणि अगदी शेवटी, जिथं कूलिंगच्या नळ्या होत्या, तिथं सबंध भिंतीवर वीतवीतभर बर्फ धरलेला, खालीवर, टोकं काढून. एकच बल्ब होता, त्याचा उजेड नेमका त्या भिंतीवर पडत होता.

महिपतीला एवढंच दिसलं की बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्टचा टायमर बिघडलेला आहे. एरवी त्यानं तो आधी दुरुस्त करायला घेतला असता.

“सुरू करा आण्णा,” धोंडीराम म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “पंधरा मिनटांवर थांबता यायचं न्हाई.”

वरचा पंखा घरघरत होता. इब्राहीमनं ब्लँकेटमधून महिपतीकडं पाहिलं.

“राहूदे रे,” तो हळूच म्हणाला. “नको वाटत असेल तर खलास करू. परत जाऊ.”

महिपतीनं त्याच्याकडं बघितलं, तेव्हा त्याला कळलं की याला ठाऊक आहे. कालपासून ठाऊक आहे, आणि तरी यानं शुक्रवारी सकाळी आंघोळ करून गाडी काढली.

महिपतीनं ब्लँकेटमधून हात बाहेर काढला.

“समोर बघा,” तो म्हणाला. “समोर, मधोमध, ते नंदादेवी. त्याच्या डाव्या अंगाला तीन टोकं दिसतात का? ते त्रिशूळ. ऊन हळूहळू खाली उतरतंय बघा. आधी टोकं लाल होतात, मग खालचं.”

तिघांनी बघितलं. राजाभाऊंनी चष्मा काढून ब्लँकेटच्या कडेनं पुसला आणि पुन्हा घातला.

“लाल व्हतंय,” धोंडीराम म्हणाला.

“सूर्योदयाला सगळा गाव कठड्याशी उभा असतो,” महिपती सांगत राहिला. हे कागदावर नव्हतं. “बोलत कुणी नाही. पोरंसुद्धा नाहीत. आचारी चहा घेऊन येतो, तोही कुणी घेत नाही. निवून जातो.”

“आन् वैनी कुठं उभ्या हायेत?” धोंडीरामनं विचारलं. त्याला बायकांची काळजी असे. “पुढं दिसतंय न्हवं त्यांना?”

इब्राहीम खाकरला. पंखा काही वेळ बंद पडल्यासारखा झाला आणि पुन्हा सुरू झाला.

“ती बसमध्येच बसलीय,” महिपती म्हणाला. “म्हणाली, तुम्ही बघून या.”

“थंडी सोसत नसंल,” धोंडीराम म्हणाला.

“हं,” महिपती म्हणाला, आणि उजवीकडचं शिखर दाखवलं.