वरच्या शेताचा उतार

मित्रांनो, मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. १९४३ साली मी भिंगारच्या लष्करी छावणीत आलो आणि तीन वर्षे सपाट रस्त्यांवरून सामानाच्या गाड्या ओढल्या. मला चालवणारे शांतवन भिंगारचेच. रविवारी चर्चमधून परतताना, सुटी असूनही, ते माझ्याकडे एक चक्कर मारून जात.

युद्ध संपले. छावणीला माझी गरज उरली नाही. लिलावात मला संगमनेर तालुक्यातल्या आबासाहेबांनी घेतले आणि शांतवननाही कामाला बोलावले. गावात माझे मोठे कौतुक झाले. आबासाहेबांच्या पत्नी गोजरबाईंनी मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला.

आबासाहेबांचे वरचे शेत डोंगराच्या उतारावर होते. शांतवननी मला तिथे लगेच नेले नाही. आधी स्वतः पायी फिरून दगड आणि खड्डे पाहिले. मग नियम ठरवले. मागची ट्रॉली निम्मीच भरायची. उतरण्याआधी वरच थांबून पहिला गिअर टाकायचा, तो खाली पोचेपर्यंत बदलायचा नाही. मग इंजिनच मला आवरून धरी. आणि माझ्या मडगार्डवर कुणी बसायचे नाही.

हा शेवटचा नियम आबासाहेबांना खुपला.

"ट्रॅक्टर माजा, अन् मीच पायी चालू व्हय?"

"उतारावर न्हाई बसायचं, आबासाहेब. ह्यो कलंडला तर उडी मारायलाबी येळ मिळत न्हाई."

"तू लई भितूस, शांतवन."

शांतवन मला बंद करून उभे राहिले. आबासाहेब शेवटी पायीच गेले.

१९४८च्या उन्हाळ्यात शेताला दगडी बांध घालायचे होते. डोंगरावरचे दगड खाली आणायचे काम माझ्याकडे आले. निम्म्या भाराच्या खेपांनी काम हळू चालले. आबासाहेबांचा पुतण्या गोरक्षनाथ पुण्याहून नुकताच मोटार चालवायला शिकून आला होता.

"आजपास्नं गोरख चालवील," एका सकाळी आबासाहेब म्हणाले. "तू खाली दगड रच."

शांतवन गोरक्षनाथाला एवढेच म्हणाले, "गिअर वरच टाक. मधी क्लच दाबू नगंस."

"मोटार चालवतो मी, काका," गोरक्षनाथ हसून म्हणाला.

त्या दिवशी ट्रॉली काठोकाठ भरली. आबासाहेब माझ्या उजव्या मडगार्डवर बसले. उतार सुरू झाला तेव्हा मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. मागून दगडांचा भार ढकलू लागला. वेग वाढला, तसा गोरक्षनाथाने खालचा गिअर टाकायला मध्येच क्लच दाबला. त्या क्षणी मला धरून ठेवणारे काही उरले नाही. गिअर पडेना. ब्रेक लावताच चाके मुरमावरून घसरली, ट्रॉलीने मला आडवे फिरवले आणि मी उजव्या कुशीवर उलटलो.

मी लोखंडाचा. मला वेदना कळत नाहीत. आबासाहेबांचा पाय माझ्या मडगार्डखाली होता आणि ते ओरडत होते, एवढे मी सांगू शकतो. गोरक्षनाथ बाजूला फेकला गेला होता. त्याला फक्त खरचटले होते.

माणसे धावत आली आणि मला ढकलायला लागली.

"हात लावू नका!" शांतवन धावत येत ओरडले. "आदी चाकांना दगूड लावा, न्हाईतर पुन्ना घसरंल. अन् बिड्या इझवा, रॉकेल गळतंय!"

मी रॉकेलवर चालणारा; त्यांनी माझ्या टाकीची तोटी बंद केली. चाकांना दगड लागले. ट्रॉली सोडवली. मग माझ्याखाली पहारी घातल्या. गोजरबाई नवऱ्याच्या काखेत हात घालून बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेला मी चार बोटे वर उचललो गेलो.

"वडा, वहिनी!" शांतवन ओरडले.

गोजरबाईंनी ओढले. आबासाहेब वाचले. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

पुढे चार महिने मी गोठ्यामागे पडून होतो. माझ्या सीटवर कोंबड्या बसत. अपशकुनी म्हणून मला भंगारात घाला, असे लोक म्हणू लागले. दवाखान्यातून परतल्यावर आबासाहेबांनी बैलगाडी माझ्यापाशी थांबवायला लावली.

"यंत्राला बोल लावू नका," ते जमलेल्या लोकांना म्हणाले. "गोरखलाबी न्हाई. शांतवन सांगत हुता, मीच ऐकलं न्हाई." मग ते शांतवनकडे वळले. "ह्याला दुरुस्त कर. अन् गोरखला शिकीव."

"शिकवतो. पन घाई कर म्हनायचं न्हाई."

"न्हाई म्हननार."

गोरक्षनाथ कित्येक दिवस माझ्याजवळ फिरकला नाही. शांतवननी त्याला आधी इंजिन बंद ठेवून माझ्या सीटवर नुसते बसवले, मग सपाटीवर चालवायला लावले. दिवाळीनंतर तो निम्मी ट्रॉली घेऊन एकटा उताराच्या माथ्यावर आला आणि थांबला. खाली वाटेत बायका भाकरीच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या. त्या पार जाईपर्यंत तो थांबून राहिला. मग त्याने पहिला गिअर टाकला आणि आम्ही बैलापेक्षाही हळू खाली आलो.

आबासाहेब कुबडी टेकून बांधावर उभे होते.

"किती येळ लागला रं?"

"लई लागला, चुलते."

"मंग बराबर उतरलास."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारखे यंत्र उतारावर नेईल, तेव्हा वरच थांबा. जमीन नीट पाहा. खाली कुणी असेल तर ते जाईपर्यंत वाट पाहा. मी थांबू शकतो. मला कुठेच जायचे नसते.